ऐकणारं माणूस

विज्ञानाची उत्तरपत्रिका श्रीपादने जेवणाच्या टेबलावर अशी आपटली, की वरणाची वाटी हिंदकळली... आणि समोर पोळी वाढायला उभ्या असलेल्या कुसुमताईंचं काळीजही.

शाळा हिंदी माध्यमाची, प्रश्न हिंदीत, आणि दहावीच्या सराव परीक्षेत त्याच्या लेकीने, गंधालीने, हृदयाचं आणि पचनाचं अशी दोन लांबलचक उत्तरं चक्क मराठीत लिहून ठेवली होती! लिपी एकच, हात भरधाव. पोरीच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नाही. बाईंनी लाल शाईने दोन गरगरीत शून्यं काढली होती. शंभरात एकतीस. पास व्हायला तेहतीस लागतात, आणि नुकत्याच वेगळ्या झालेल्या राज्याच्या नव्या बोर्डाची परीक्षा पंचवीस दिवसांवर आलेली.

"हे तुझं काम आहे, ताई," श्रीपाद म्हणाला.

होतंच. यजमान गेल्यावर कुसुमताई पुसदहून या हिंदी मुलखातल्या शहरात, समता कॉलोनीत, धाकट्या भावाकडे आल्या, त्याला दोन वर्षं झाली होती. कोणी न सांगता एक काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, भाचीचा धडा ऐकण्याचं. गंधाली स्टेशनवरच्या घोषणेसारखी हिंदीतली उत्तरं धडाधड म्हणायची, आणि कुसुमताई कपाळ चोळत म्हणायच्या, मले तुझी हिंदी समजत नाही बाई, मराठीत सांग नं. पाठ केलेली हिंदी मराठीत ओतायची म्हणजे पोरीला थांबावं लागे, अर्थ शोधावा लागे. मग आत्याचा एखादा बावळट प्रश्न येई, की गंधाली वैतागून फरशीवर चार वाट्या मांडे, हृदयाचे चार कप्पे म्हणून, आणि चण्यांचं रक्त या वाटीतून त्या वाटीत फिरवून दाखवी. तीन दिवसांनी आत्या सगळं विसरलेल्या असत. पुन्हा सांग. दहा दिवसांनी पुन्हा विसरत. महिन्याने परत!

या विसराळूपणाचं त्यांना काय मिळालं? दिवसाला सरासरी चार टोमणे, रविवारी सहा. भावजय मीनल माहेरी फोनवर हसून सांगे, की आमच्या ताईंना एक गोष्ट सात वेळा सांगावी लागते. श्रीपाद तर पाहुण्यांशी ओळखच करून देई, ही आमची ताई, मॅट्रिक नापास, तेही दोनदा. कुसुमताई हसून चहा पुढे करत. आणि दुपारी घर रिकामं झालं, की भाचीची पुस्तकं उघडून, शब्दकोश मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवून वाचत बसत... हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

परीक्षा होईपर्यंत पुसदला दिराकडे जाऊन ये, असं श्रीपादने सुचवलं. सुचवलं म्हणजे तिकीटच आणून ठेवलं. कुसुमताई "हव" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

जाण्याच्या दुपारी त्यांना काही सुचेना. एकाच लुगड्याची घडी तीनदा घातली, तीनदा मोडली. खोलीत गंधालीचा एकटीचा रट्टा चालला होता. दर वेळी त्याच एका वाक्याला ती अडे आणि पहिल्यापासून सुरू करी. चौथ्यांदा अडली, आणि हुंदका ऐकू आला. ती अडण्याची जागा कुसुमताईंच्या पक्क्या ओळखीची होती. दोन वर्षं ओळीने, मॅट्रिकच्या बाकावर, पाठ केलेलं वाक्य मधेच तुटून अक्षरं डोळ्यांसमोर पोहायला लागलेली... त्यांना राहवेना. त्या आत जाऊन भाचीशेजारी बसल्या.

"गंधाली, मुझे समझ में नहीं आया। फेफड़ों से खून लौटकर दिल के बाएँ हिस्से में ही क्यों जाता है?"

सवयीने पोरगी सांगू लागली. आधी चाचरत, मग आपल्या शब्दांत, हिंदीतच, थेट शेवटपर्यंत. आणि मग थबकली.

"आत्या... आपको हिंदी आती है?"

"जूनपासून. तुझी पुस्तकं आली तवापासून शिकून राहिली."

ऑटो आला हे सांगायला श्रीपाद दारात आला होता. तो तिथेच उभा राहिला.

"मग बोलली काहून नाही, ताई? वर्षभर साऱ्यांचं ऐकून राहिली."

"मले समजते असं कळलं असतं, त पोट्टीनं सांगितलंच नसतं रे. जाणत्याले कोण समजावून सांगते?" कुसुमताईंनी पदराने डोळे टिपले. "चूक झाली ते खरं. आखरीले एकदा हिंदीत म्हणून घ्याले पाहिजे होतं. तेवढंच राहून गेलं माझ्यानं."

श्रीपाद उंबरा ओलांडून आत आला.

"अन् तू मॅट्रिकले बसली तवा?" त्याने हळूच विचारलं. "तुझं कोण ऐकत होतं?"

"कोणी नाही." आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते शब्द त्याच्या अंतःकरणात खोल उतरले. "तुझी चौथीची स्कॉलरशिप होती नं. आपले नाना तुझं ऐकत असत."

ती स्कॉलरशिप त्याला मिळाली होती. तिचं प्रमाणपत्र अजून बैठकीत टांगलेलं होतं.

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. श्रीपादने आतूनच मीनलला सांगितलं, त्या भैयाला परत पाठव. मग तो लेकीशेजारी फरशीवर मांडी घालून बसला, आणि तिच्या हातातलं पुस्तक त्याने बहिणीपुढे ठेवलं.

"सरक थोडी, गंधाली. आज ताई सांगेल. आपण ऐकू."

कुसुमताईंनी पुस्तक मिटलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला त्या अडल्या, आणि पुढचा शब्द काही केल्या फुटेना.

समोरची दोघं थांबून राहिली. कोणालाही घाई नव्हती.