नखाचा ओरखडा

खैरगावात आता कुणी पाणी उकळत नसे. विहिरीचं पाणी पंपानं छपरावर चढे, पांढुरक्या कौलांवरून पातळ होऊन उतरे आणि तेवढ्या वाटेत शुद्ध होऊन माठात पडे. कौलांवर टायटॅनियम ऑक्साइडचा लेप होता, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. ऊन पडलं की तो जागा होई आणि पाण्यातल्या रोगजंतूंचा फडशा पाडी.

कौलं यमुनाबाईंच्या भट्टीतली. त्यांची लेक रेखा खैरगावातच नांदत होती, सहा महिन्यांची पोटुशी. आणि आता तीच काविळीनं इस्पितळात पडली होती. गरोदरपणात पाण्यातून होणारी ही कावीळ म्हणजे आई-बाळ दोघांच्या जिवाशी गाठ, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

लेप शोधून काढणाऱ्या नूतन सबनीस गावात आल्या. रेखाच्या छपरावरचं एक कौल त्यांनी अंगणात मांडलं, शेजारी स्वतःजवळचं नमुन्याचं ठेवलं आणि दोन्हींवर निळ्या शाईचा थेंब टाकला. चहा होईस्तोवर नमुन्यावरची शाई उन्हात विरून गेली. रेखाच्या कौलावरची जशीच्या तशी राहिली.

"यमुनाबाई, लेप दिल्यावर आच किती दिलीत?"

"भट्टीच्या उष्णतेच्या काट्यावर तुम्ही खूण केलीय तिथं बंद केलं, तर लेपावर नखाचा ओरखडा उठतो, बाई. ओरखडा उठला म्हणजे कच्चं. माझा बाप असला माल उकिरड्यावर फेकायचा." यमुनाबाईंनी कौलावर नख ओढलं. काही उमटलं नाही. "दुसऱ्या गावांना दिला तुमच्या मापानं. पण लेकीच्या सासरी कच्चं धाडू व्हय मी? चांगली लालभडक भाजली."

नूतननी शाई तशीच राहिलेल्या कौलाकडे बोट केलं. "मापाच्या आचेला लेपातले कण उन्हाला साथ देतील असे बसतात. त्याहून जास्त तापले की त्यांची घडणच बदलते. लेप टणक होतो, पण काम करेनासा होतो. भाकरी करपली म्हणजे काय पक्की होते?"

लेकीच्या मायेपोटी दिलेली आच लेकीच्याच मुळावर आली होती. त्या संध्याकाळी गावात घरोघर पाणी उकळलं.

नवी कौलं भाजताना काटा खुणेवर आला. आणखी दोन लाकडं सारावीत म्हणून यमुनाबाईंचा हात वळवळला. त्यांनी तो पदरात गुंडाळला आणि आच ओढून घेतली.

रेखा वाचली, पोटातलं बाळही वाचलं. डोळ्यांतला पिवळेपणा उतरल्यावर घरी आली. यमुनाबाईंनी माठातून पेला भरून तिच्यापुढे धरला. पाणी नव्या कौलांवरून आलेलं होतं.

"नख ओढून बघितलंस?" रेखानं विचारलं. कुंभाराचीच पोर ती.

"बघितलं. ओरखडा उठतोय. शाई टाकली, ती मात्र गेली."

रेखानं पेला हातात घेतला. दुसरा हात पोटावर ठेवला आणि आईच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मग पिऊ ना, आई?"