एक लांब, दोन आखूड

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. भुतांच्या गोष्टींची पुस्तकंही माझ्या हातून गेली आहेत. ‘ही गोष्ट खरी आहे’ असं पहिल्याच ओळीत दिसलं की मी पेन्सिल खाली ठेवून हसायचे.

आता तेच वाक्य मला लिहायचं आहे, आणि त्याला पर्याय सापडत नाही.

ही गोष्ट खरी आहे.

रात्र नव्हती. उन्हाळ्यातला रविवार होता, भर दुपार. जागा म्हणजे शहराबाहेरच्या चुनखडीच्या टेकड्या. तिथे माती पांढरी, खडीचा रस्ता पांढरा आणि झाडांची पानंही धुळीने पांढरी.

माझ्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. धाकटे काका त्यांचे भागीदार. काकांना घरात सगळे घाईकाका म्हणतात. “हा जन्माला आला तोसुद्धा आठव्या महिन्यात. याला नववा महिना कंटाळवाणा वाटला,” असं बाबा म्हणायचे.

दोघांनी मिळून खडीवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकली बांधल्या होत्या. दर रविवारी ते या टेकड्यांत जायचे. कधी कधी मीही.

तिथे वळणं आंधळी. समोरून कधी खाणीचा डंपर येईल, सांगता यायचं नाही. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असायची, आणि बाबांनी नियम केला होता. पुढच्याने वळणापलीकडे जाऊन रस्ता बघायचा. धोका असेल तर एक लांब शिट्टी... थांब. रस्ता मोकळा असेल तर दोन आखूड... ये.

बाबांच्या पोलादी शिट्टीतली गोळी केव्हाच पडून गेली होती. त्यामुळे तिचा आवाज थरथरत नसे. सुईसारखा सरळ जायचा.

“बाबा, नवी घ्या की,” मी म्हणायचे.

“गोळीची शिट्टी सगळ्यांचीच असते. ही माझी.”

गेल्या वर्षी याच टेकड्यांत, खाणीजवळच्या वळणावर बाबा गेले.

काका पुढे होते, बाबा मागे. खाणीत सुरुंग लावला होता. खाणीतही दोन आखूड शिट्ट्यांना अर्थ असतो: वात पेटली, लपा. बाबांना वाटलं, काका बोलावताहेत. ते निघाले, आणि उडालेले दगड त्यांच्यावर आले.

आम्हाला असं सांगितलं गेलं.

ओळख पटवायला आई गेली. मला चेहरा बघू दिला नाही. चादरीबाहेर एक हात होता, नखांत वंगण. तेवढ्यावरून मी ओळखलं. गळ्यात शिट्टीची दोरी होती, आईने सांगितलं. शिट्टी नव्हती. ती कधीच सापडली नाही.

“तुमच्या वडिलांचाच हलगर्जीपणा,” खाणीचा अधिकारी म्हणाला होता.

काका म्हणाले होते, “मी माझ्या शिट्टीला हातसुद्धा लावला नव्हता.”

मी वर्षभर एकाच प्रश्नापाशी अडकून होते. नुसती चाकाची टिकटिक ऐकून कोणाची सायकल दुकानात आली हे सांगणारा माणूस दुसऱ्याची शिट्टी ओळखू शकला नाही? बाबा असे चुकतील?

खाण तोपर्यंत बंद पडली होती. मी ठरवलं, त्याच वळणावर उभं राहून काकांची शिट्टी कशी येते ते स्वतः ऐकायचं.

“कशाला उकरून काढायचं ते?” काका म्हणाले.

“मला फक्त ऐकायचंय. तुम्ही पुढे जाऊन वाजवा.”

“ऐकून काय होणारे? दादा परत येणारे?”

“येताय की मी एकटी जाऊ?”

“बापावर गेलीस अगदी. ब्रेक म्हणून नाही तुला.”

“आणि तुम्हाला कधी लागलाय हो ब्रेक, भावजी?” आई आतून म्हणाली.

काका हसले नाहीत. एरवी हसले असते.

आम्ही चढ चढत होतो. टायरखाली खडी चुरचुरत होती. काका पुढे, मी मागे.

उतार लागला. मी पाय थांबवले. मागच्या चाकाचं फ्रीव्हील टिकटिकायला लागलं. काकांचंही.

आणि आणखी एक...

माझ्या मागे.

जड, संथ टिकटिक. दर फेऱ्याला एक दात अडखळणारी. बाबांच्या सायकलची. ती सायकल त्या दिवशी चेंगरली होती. दुकानाच्या माळ्यावर तिचं भंगार पडलंय.

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

काकांनी मात्र वळून पाहिलं नाही. फक्त वेग वाढवला.

वळण आलं. उजवीकडे खाणीत कापलेला पांढरा कडा.

“त्या दिवशी जिथे होतात तिथेच थांबा. दोनदा वाजवा,” मी म्हणाले.

काकांचा चेहरा घामाने ओला होता. “पोरी, परत जाऊ या. मला बरं वाटत नाहीये.”

“एकदाच, काका.”

ते वळणाआड गेले.

मी पाय टेकून उभी राहिले. कान वळणाकडे.

वारा पडला. मघापासून एक पक्षी ओरडत होता, तोही गप्प झाला. काकांच्या सायकलचा आवाज अचानक संपला. दूर जात जात नाही... कापल्यासारखा.

आणि शिट्टी आली.

समोरून नाही. मागून.

एक. लांब. न थरथरणारी. सुईसारखी सरळ.

माझ्या हातांनी ब्रेक दाबले होते. सायकल उभीच होती, तरीही.

मागे कोणी नव्हतं. धुळीत टायरचे माग मात्र तीन होते. तिसरा माझ्या मागच्या चाकाला टेकून थांबला होता.

तेवढ्यात काका किंचाळले.

मी सायकल टाकून धावले.

वळणापलीकडे कड्याखाली सावलीची जागा आहे. काका तिथे नव्हते. ते पुढे, उघड्या रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि वर कड्याकडे बघत होते.

कड्यावरून दगड येत होते.

आवाज नव्हता. मला सगळ्यात जास्त तेच आठवतं. दगड घरंगळत नव्हते, उडत होते. सुरुंगातून सुटल्यासारखे. पण स्फोट नाही, धूर नाही, आपटल्याचाही आवाज नाही. पहिला काकांच्या गुडघ्यावर बसला. पाय उलट्या बाजूला दुमडला. काका खाली पडले. दुसरा जबड्यावर. पांढऱ्या धुळीवर दात उडालेले मी पाहिले. त्यांचं तोंड उघडं होतं, ते ओरडत असणार. मला ऐकू येत नव्हतं.

मी पाऊल उचललं.

शिट्टी वाजली. या वेळी अगदी कानाशी. एक, लांब.

थांब.

मी थांबले नाही. काकांच्या काखेत हात घातले आणि ओढत सावलीत आणलं. भोवती दगड पडत होते. त्यांच्या पाठीवर, मांडीवर, तुटलेल्या पायावर पुन्हा. शिट्टी चालूच होती. जिवंत माणसाचा श्वास इतका वेळ पुरत नाही.

मला एकही दगड लागला नाही. अंगावर धूळसुद्धा नव्हती.

“जुना कडा आहे, दरड सुटली असेल,” डॉक्टर म्हणाले. असेलही.

काकांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. जबडा तारांनी बांधला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

मला कळलं नाही. “पाणी हवंय?”

त्यांनी नाही अशी मान हलवली. पुन्हा दोन बोटं. मग बांधलेल्या दातांतून शब्द ढकलत म्हणाले, “दोन. आखूड. तूच वाजवलीस ना?”

“नाही, काका.”

“पुढून आली. खाणीकडून. मला वाटलं, तूच... कड्यावर आपटून आवाज घुमला असेल. म्हणून सावलीतून निघालो. पायच निघाले.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “तुला किती ऐकू आल्या?”

मी एक बोट वर केलं.

त्यांनी माझं ते बोट मुठीत धरलं.

“त्या दिवशी,” ते म्हणाले, “मी खाणीच्या तोंडापर्यंत गेलोच नव्हतो गं. ऊन लागत होतं. सावलीत पाणी पीत बसलो. तिथूनच वाजवली, दोनदा. न बघता. दादा माझ्या शिट्टीवर आला. मग सुरुंग उडाला.”

म्हणजे बाबा चुकले नव्हते. त्यांनी शिट्टी बरोबर ओळखली होती.

हे कळलं की मला सुटल्यासारखं वाटेल, असं मी समजत होते.

बाबांनी उभ्या आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. पंक्चर काढताना टायरमधला खिळासुद्धा ते रस्त्यावर टाकत नसत, डबीत ठेवत. कोणाच्या तरी पायात जाईल म्हणून. मी वर्षभर त्या माणसाची वाट पाहिली. एकदा तरी भेटावा म्हणून. टेकडीवर आलं ते कोण होतं, मला माहीत नाही. शिट्टी मात्र त्यांची होती.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, त्यांनी मला वाचवलं. मग दुसऱ्या शिट्टीचा विचार करायला लागले. मला तर एकही दगड लागणार नव्हता. मग ‘थांब’ कशासाठी? काकांना हात लावू नये म्हणून?

काका आता आमच्याच घरी असतात. त्यांचं करायला दुसरं कोणी नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही. ती त्यांना चमच्याने पेज भरवते आणि म्हणते, “हळू हो भावजी, आता कसली घाई?”

दुपारी आई झोपते. तेव्हा औषध द्यायची पाळी माझी.

मी पेला उचलते आणि बाहेर रस्त्यावर शिट्टी वाजते. एक, लांब.

त्याच क्षणी काका दाराकडे बघतात. पांघरूण सारतात आणि नसलेला पाय खाली टेकायला जातात. त्यांना काय ऐकू येतं, मी विचारत नाही.

मी दाराला कडी घालते. त्यांना धरून पुन्हा निजवते. शिट्टी चालूच असते. मी औषध मोजते आणि त्यांच्या ओठांशी नेते.

मी थांबत नाही.

अजून तरी.