आठवी खूण

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र हवी असते, सुसाट वारा हवा असतो, लांब कुठेतरी कुत्रं रडायला हवं असतं. यात त्यातलं काहीच नाही. हे घडलं सकाळी साडेदहाला, लख्ख उन्हात, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे मामा. शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलाय. कुणी विश्वास ठेवावा म्हणून मी हातापाया पडणार नाही.

पण यात एक शब्दही पदरचा नाही.

मामा डोंगरावरच्या एका पॉइंटवर दुर्बीण लावून बसायचे. सव्वीस वर्षं. कठड्यापाशी लोखंडी स्टँड, त्यावर दुर्बीण, खाली फिरणारी गोल तबकडी. तबकडीवर पांढऱ्या रंगाच्या सात खुणा. दुर्बीण खुणेवर आणली की बरोबर ते ठिकाण समोर यायचं. मामांना बघावंही लागायचं नाही.

"एक नंबर, समुद्र. दोन नंबर, दीपगृह. तीन नंबर, होड्यांचा धक्का. चार, नारळाची बाग. पाच, धबधबा. सहा, लाल छपरांचं गाव. सात नंबर, हत्तीखडक. सोंडेकडे नीट बघा."

हत्तीखडकाची गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी सांगायचे. कुणाला राजाचा हत्ती, कुणाला शापाचा. मामी शेजारी बसून स्वेटर विणत असायची. ती म्हणायची, "अहो, थापा मारताना निदान पापणी तरी लवू द्या."

मामी गेली. मूलबाळ नव्हतं. पॉइंटच्या मागे पत्र्याची एक खोली, तिथे मामा एकटे राहू लागले. आम्ही शहरात बोलवायचो. ते म्हणायचे, "दिवसभर शंभर माणसं भेटतात गं. मला कुठलं एकटेपण?"

त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि घाटातला रस्ता खचला.

दीड महिना गाड्या बंद. टोपीवाला, फोटोवाला, घोडेवाला सगळे खाली आपापल्या घरी गेले. मामांचं घरच वर होतं, ते कुठे जाणार? तीन दिवसांनी एकदा कुणीतरी पायवाटेने येऊन दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवून जायचं. माणूस दिसायचा नाही. पिशवी दिसायची.

तरी मामा रोज सकाळी दाढी करून दुर्बिणीपाशी यायचे. जुन्या बनियनच्या तुकड्याने काच पुसायचे. एकदा तर त्यांनी सगळे सात नंबर मोठ्याने म्हणून टाकले, समोर कुणी नसताना. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

वेळ जाईना म्हणून ते खुणा सोडून इकडेतिकडे बघू लागले.

दरीपलीकडच्या डोंगरावर एक जुना बंगला होता. कित्येक वर्षं बंद. बघण्यासारखं काही नाही, म्हणून त्याला नंबरही नव्हता. नुसत्या डोळ्यांना तो पांढऱ्या ठिपक्याएवढा दिसायचा.

त्या सकाळी दुर्बिणीतून मामांना त्याचा व्हरांडा दिसला.

व्हरांड्यात... दोन खुर्च्या होत्या.

वेताच्या. आमच्या पॉइंटकडे तोंड करून ठेवलेल्या.

असेल कुणी राहायला आलं, मामांना वाटलं. बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला एका खुर्चीत माणूस बसलेला होता. म्हातारा. चेहरा उन्हात पुसट, पण मान ताठ. तो सरळ इकडेच बघत होता.

आणि मग त्याने हळूच... हात वर केला.

मामांनीही केला. रिकामा पॉइंट, एकटा माणूस, कुणी हात केला तर आपणही करतोच की. समाधानाने ते खोलीत आले, चहा टाकला आणि चहा उकळताना त्यांच्या डोक्यात आलं...

मला दुर्बिणीतून तो दिसला. त्याला मी कशातून दिसलो?

मामांनी तो विचार बाजूला सारला. मला पुढे त्यांनी स्पष्टच सांगितलं, "घाबरलो असतो तर तेवढी सोबतही गेली असती."

मग रोज साडेदहाची भेट ठरून गेली. हा हात करायचा, तो हात करायचा. मामांनी खिळ्याने तबकडीवर आठवी खूण कोरली. रंग दिला नाही. ती गिऱ्हाइकांसाठी नव्हतीच.

एका सकाळी डोळा काचेला लावलेला असताना त्यांना आवाज आला.

कर्र...

खुर्चीत माणूस सरकून बसला की वेत करकरतो, तसा. अगदी कानाशी.

त्यांनी डोळा काढला. सगळं चिडीचूप. पाखरूसुद्धा नाही.

डोळा पुन्हा लावला...

कर्र...

दुर्बिणीतून आवाज येत नाही. सव्वीस वर्षं दुर्बीण चालवलेल्या माणसाला हे मी सांगायला नको.

त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. मोबाइलला रेंज फक्त कठड्याच्या टोकाला यायची, तिथे उभं राहून. म्हणाले, "ठमे, इथे एकाशी ओळख झालीय. दरीच्या पलीकडे राहतो. रोज हात करतो मला."

मला वाटलं, झाली सुरू हत्तीखडकाची गोष्ट. मी म्हटलं, "छान आहे मामा. मी जरा कामात आहे, रविवारी करते हं फोन."

"कर की. मी काय, इथेच आहे."

रविवारी मी विसरले. हे लिहिताना आजही मला स्वतःची लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या दिसल्या. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मामांचा जीव खालीवर होऊ लागला. एकटा माणूस, आजारी पडला असेल तर पाणी कोण देणार? स्वतःच्या बाबतीत हा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

चौथ्या दिवशी पहाटे ते निघाले. दुर्बिणीला चामड्याची टोपी घातली, वरून साखळी गुंडाळून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. पिशवीत पाव, पाणी, तापाच्या गोळ्या. दरी उतरून पुन्हा चढायला साडेचार तास लागले.

बंगल्याच्या दाराला कुलूप होतं, गंजून कडीशी एकजीव झालेलं. खिडकीतून आत पाहिलं तर छप्पर खाली आलेलं आणि फरशीतून झाड उगवलेलं. व्हरांड्यावर शेवाळाची साय. त्या शेवाळावर पाऊल पडलेलं नव्हतं. एकही.

पण दोन्ही खुर्च्या तिथेच होत्या.

स्वच्छ पुसलेल्या.

एकीचा वेत बसून बसून खोलगट झाला होता. दुसरीचा ताठ, नवा कोरा. तिच्यात कधी कुणी बसलेलंच नसावं.

मामांनी दोन हाका मारल्या. चढणीने पायांत गोळे आले होते, म्हणून ते टेकले. खोलगट खुर्चीत.

समोर त्यांचा पॉइंट होता. एवढ्या लांबून कठड्याची बारीक रेघ तेवढी दिसायला हवी.

त्यांना स्टँड दिसला. तबकडी दिसली. दुर्बिणीवरची टोपी काढलेली दिसली.

आणि दुर्बिणीला डोळा लावून... कुणीतरी वाकलेलं होतं.

ते सरळ झालं. त्याने हात वर केला.

"मी हात केला नाही," मामा मला म्हणाले. "माझा हात आपोआप वर गेला. आणि खरं सांगू? भीती नाही वाटली. तीन वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे बघतंय, एवढंच वाटलं. छातीत भरून आलं गं."

तेवढ्यात शेजारची खुर्ची...

कर्र...

मामांनी तिकडे पाहिलं नाही. पिशवी तिथेच राहिली. ते कसे उतरले, कसे चढले, त्यांना आठवत नाही. ऊन उतरताना पॉइंटवर पोचले तेव्हा साखळीचं कुलूप जसंच्या तसं होतं आणि किल्ली खिशात होती.

चामड्याची टोपी मात्र काढून तबकडीवर नीट ठेवलेली होती.

डोळा लावायची काच धुरकटली होती. आत्ताच कुणाचा तरी श्वास लागावा, तशी.

"मला घेऊन जा," एवढाच त्यांचा फोन आला, आणि रस्ता उघडला त्या दिवशीच मी जाऊन त्यांना घेऊन आले. दुर्बीण, स्टँड, सगळं तिथेच सोडलं. परतीच्या गाडीत त्यांनी मला हे सगळं एकदा सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही.

याला अकरा वर्षं झाली. मामा आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. दाढी करून रोज बाल्कनीत बसतात, मामीने विणलेला राखाडी स्वेटर घालून, उन्हाळा असो की काही असो. समोर दुसऱ्या इमारतीची पाण्याची टाकी, बघायला काही म्हणजे काही नाही. तरी साडेदहाच्या सुमाराला कधीतरी त्यांचा हात वर जातो.

"कुणाला हात करताय मामा?"

"असेल कुणी बघत."

आम्ही हसायचो.

गेल्या वर्षी ऑफिसची सहल निघाली. दोन दिवस समुद्र, एक दिवस डोंगर. गाडी एकेक पॉइंट करत तिथे पोचली. कठडा तोच, स्टँड तोच. दुर्बिणीवर आता एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. माझी त्यांची ओळख नव्हती आणि मी काही बोललेही नाही. त्यांनी सात नंबर दाखवले. हत्तीखडकाची गोष्ट त्यांचीही निराळीच होती. मला मामांची आठवण येऊन हसू आलं.

बाकीचे फोटो काढायला गेले. मी थांबले.

बाई म्हणाल्या, "ताई, आठवा बघायचाय? बोर्डावर नाही तो. तबकडीवर कुणीतरी खूण करून ठेवलीय, म्हणून मला सापडला. पलीकडे एक आजोबा बसतात. फार गोड आहेत. रोज हात करतात मला."

मी नको म्हणायला हवं होतं.

मी वाकले आणि डोळा लावला.

पडका बंगला. व्हरांडा. दोन खुर्च्या.

एका खुर्चीत राखाडी स्वेटर घातलेले आजोबा. उजव्या कोपरावर... हिरवं ठिगळ.

ते ठिगळ मी लावलं होतं. त्याच महिन्यात. घरात राखाडी कापड सापडेना, म्हणून हिरवं.

आजोबांनी हात वर केला. आणि तसाच धरून ठेवला.

कर्र...

मी मागे झाले. बाई काहीतरी विचारत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. कठड्याच्या टोकाला जाऊन मी घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला.

"मामा कुठे आहेत?"

"कुठे असणार? बाल्कनीत. का गं, काय झालं?"

"काय करतायत?"

"बसलेत. आत्ताच कुणाला तरी हात करत होते. थांब, त्यांना बोलायचंय तुझ्याशी. फोन मागतायत."

घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. पलीकडून मामांचा श्वास ऐकू आला. मग त्यांचा आवाज, नेहमीचा, जरासा हिरमुसलेला.

"ठमे, हात का नाही केलास गं? केवढा वेळ धरून बसलो होतो."

मी फोन बंद केला. घरी आल्यावरही मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते बरे आहेत, जेवतात, पेपर वाचतात.

मी आता रोज साडेदहाला, ऑफिसात असले तरी, जागेवरून उठून खिडकीत जाते आणि हात वर करते. लोक बघतात. बघू देत. कोणत्या दिशेला करायचा, ते मात्र मला ठाऊक नाही.

आणि एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितलेली नाही.

त्या दिवशी दुर्बिणीत मामांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. वेत ताठ, नवा कोरा.

फक्त तिच्यावर... बसायच्या जागी... कुणीतरी हिरव्या कापडाचा उरलेला तुकडा ठेवला होता.