पाण्याने न पुसणारी शाई

अशोक स्तंभाजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तृप्ती कार्ट्रिज घ्यायला गेली, तेव्हा काउंटरवर एक प्रिंटर उघडा पडला होता आणि त्याच्या मालकाची बोटं काळीनिळी झाली होती.

"पिग्मेंट इंक भरली होती," तो तरुण शांतपणे सांगत होता. "हेड चोक झालंय."

"या प्रिंटरला चालत नाही ती. भरली कशाला?" दुकानदार वैतागला.

"पाण्याने पसरत नाही म्हणून."

तृप्ती चटकन वळली. "खरंच नाही पसरत?"

२००५ साल होतं. मखमलाबादला तिच्या आप्पांचा, सावळीरामांचा, फुलांचा मळा होता. त्याच्या एका कोपऱ्यात तिने गुलाबाच्या कलमांची नर्सरी काढली होती. प्रत्येक कुंडीला नावाचं लेबल ती घरीच छापायची. पण झारीचं पाणी पडलं की अक्षरं वाहून जायची... पिवळा गुलाब नेलेल्यांच्या अंगणात लाल फुलायला लागला होता. लोक परत येऊन भांडायचे. आप्पांनी शेवटी सांगून टाकलं होतं — एवढा हंगाम बघू, नाहीतर तिथं शेवंती लावू.

तरुणाने सगळं ऐकून घेतलं. नाव ललित, सातपूरला नोकरी, फोटोंचं वेड. "रविवारी येऊ का?" त्याने विचारलं. "प्रिंटर घेऊनच येतो."

आणि तो खरंच आला, स्कूटरच्या मागे प्रिंटर बांधून.

पहिली लेबलं गुळगुळीत कागदावर छापली. शाई वरवरच राहिली, बोट लावताच पुसली गेली. पुढच्या रविवारी खरखरीत कागद आणला, तर हेड पुन्हा तुंबलं. ललित ओसरीवर मांडी घालून बसला आणि सिरिंजने कोमट पाण्याचा एकेक थेंब सोडू लागला. तृप्ती चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. एवढं बिघडूनही त्याच्या कपाळावर आठी नव्हती. उलट डोळे चमकत होते.

"चिडत नाही तुम्ही?"

"कोणावर? शाईवर?" तो हसला. "तिच्यात रंगाचे कण असतात, ते अडकतात. तिचा काय दोष?"

असा माणूस तिने पाहिला नव्हता. चहा गार झाला, तरी ती बघतच राहिली...

संध्याकाळी एक लेबल स्वच्छ उमटलं. वाळल्यावर आप्पांनी स्वतः त्यावर झारी रिकामी केली. बोटाने घासून पाहिलं. अक्षर हललं नाही.

"राहू दे मग नर्सरी," एवढंच बोलून ते मळ्यात गेले.

ललित प्रिंटर बांधायला लागला. फार सावकाश बांधत होता.

"झालं तुमचं काम," तो म्हणाला.

"झालं..."

"तसं — उन्हात रंग टिकतो का, ते बघायला हवं अजून."

"किती दिवस?"

"ही शाई लवकर उडत नाही. नीट बघायचं तर... बरीच वर्षं यावं लागेल." त्याचे कान लाल झाले. "निमित्त कशाला शोधू? तुम्ही मला फार आवडता, तृप्ती."

तृप्तीने खाली बसून त्याने बांधलेली गाठ सोडली.

"मग याची ने-आण कशाला? राहू दे इथेच," ती म्हणाली. "आणि तू जेवून जा. आप्पांशी मी बोलते."