सहावं झबलं

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास जागेश्वर पराते हातठेला घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघाला, तेव्हा शेजारच्या बाबारावने त्याला ओट्यावरूनच हटकलं.

"काय गा जागेश्वर, आज कोणतं भंगार?"

"कपडे वाळवायचं मशीन हाय. अमेरिकेचं."

बाबारावच्या बशीतला चहा हिंदकळला. "वाळवायचं? नागपुरात? मे महिन्यात? अरे बाप्पा, इथं माणूस दोरीवर न टाकता वाळून राहिला!"

जागेश्वरने हसण्यावारी नेलं. त्याला सवय होती. गिरणीत तीस वर्षं फिटर म्हणून काढून तो नुकताच घरी बसला होता, आणि कपडे धुण्याची जुनी मशिनं गोळा करून ती पुन्हा चालती करायची, हे त्याचं वेड साऱ्या कोष्टी मोहल्ल्याला पाठ होतं. साहेब लोक, मिशनरी, रेल्वेचे मोठे अधिकारी जाताना जे टाकून गेले, ते तो उचलून आणायचा. पुढच्या खोलीत, जिथे त्याच्या वडिलांचा हातमाग होता, तिथे आता चार मशिनं दाटीवाटीने उभी होती. एकाला वर रबराचे दोन रूळ होते, कपडे पिळायला. एकाच्या तांब्याच्या टबात बायकोने, रुख्माबाईने, वर्षाच्या भिवापुरी मिरच्या भरून ठेवल्या होत्या. चारही मशिनं सुरेख चालत. पण घरातले कपडे मात्र न्हाणीतल्या दगडावरच धुतले जात. रुख्माबाई त्या मशिनांना रुमालसुद्धा लावू देत नसे. याचं जागेश्वरला मनातून फार वाईट वाटायचं.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या बंगल्यात एक म्हातारे डॉक्टर एकटेच राहत. पत्नी सत्यवतीबाई सहा महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. मशीन आतल्या खोलीत होतं, पांढरं, कमरेएवढं, समोर गोल दार. जागेश्वरने त्यावरून हात फिरवला आणि न राहवून विचारलं, "डॉक्टरसाहेब, एवढं मोठं आंगण हाय तुमचं. मंग हे काहून लागलं?"

"तिला कपडे बाहेर वाळत घालायचे नव्हते," डॉक्टर म्हणाले. ठेल्यावर मशीन चढवून झालं, दोरी बांधून झाली, तेव्हा एकदम जवळ येऊन म्हणाले, "तुमच्या घरात लहान मूल आहे का?"

जागेश्वर थबकला. मुलगी लतिका बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागला होता. तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं, न रडता. तेव्हापासून घरात पक्कं ठरलं होतं, की जे पोटात आहे त्याचा उच्चार परक्यापुढे करायचा नाही. नजर लागते.

"नाही जी," तो म्हणाला.

"मग न्या," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

आठ दिवस जागेश्वर त्या मशीनमागे लागला होता. पट्टा बदलला, मोटरला तेल दिलं, विलायती मोटरसाठी ट्रान्सफॉर्मर बसवला, घरातला फ्यूज उडू नये म्हणून तापणारी अर्धी तार काढून टाकली. सगळ्यात शेवटी मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत कपड्यांची झडलेली बुरबूर साचली होती, गादीच्या कापसासारखी घट्ट बसलेली. ती तो मुठीमुठीने काढत गेला आणि सुपात रचत गेला. कोष्ट्याची बोटं होती ती. सूत ओळखायला डोळे लागत नसत. सगळी बुरबूर एकाच जातीची होती, तलम पांढऱ्या मलमलची. एवढ्या वर्षांत या मशीनमध्ये ना लुगडं गेलं होतं, ना धोतर, ना चादर. एक रंगीत धागा सापडेना.

त्या दुपारी लू सुटली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अंगणात रुख्माबाईने पाच झबली वाळत घातली होती. होणाऱ्या बाळाला आधी नवं कापड घालायचं नाही, ज्या घरची पोरं धडधाकट आहेत त्या घरची जुनी झबली मागून आणायची, अशी रीत. पाच घरची पाच. ज्याचं त्याला परत करता यावं म्हणून प्रत्येकाच्या बंदाला तिने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. तेवढ्यात वावटळ उठली आणि पाचही झबली मातीने माखली. तिने ती पुन्हा खळबळली, आणि दारात येऊन, जरा ओशाळून म्हणाली, "आहो, ते तुमचं मशीन चालते का? बाहेर लय धूळ उडून राहिली."

जागेश्वरला आभाळ ठेंगणं झालं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदाच बायकोने मशीन मागितलं होतं. त्याने लगबगीने झबली आत टाकली, दार लावलं, कळ दाबली.

मशीन घुमू लागलं. आतल्या खोलीत लतिका आणि रुख्माबाई वाळ्याच्या ताटीआड पडल्या. जागेश्वर एकटाच स्टुलावर बसून कान देऊन ऐकत होता. मोटर ठीक. पट्टा ठीक. पण त्याखाली आणखी एक आवाज होता… थप… थप… थप… मऊ, सावकाश. झबल्यांना गुंड्या नसतात, बंद असतात. मग आपटत काय होतं? त्याने पुढे होऊन पत्र्याला कान लावला. आवाज ओळखीचा होता. लतिका लहान असताना हाच आवाज या घरात रोज दुपारी असायचा. मूल थोपटण्याचा.

खोलीत वेखंडाचा वास पसरला. जागेश्वरने कळ बंद केली. आवाज मात्र आणखी चार-पाच वेळा आला, मग थांबला.

दार उघडून त्याने एकेक झबलं काढलं. तांबडा दोरा, हिरवा, पिवळा, निळा, काळा. आणि सहावं. त्याला दोरा नव्हता. "झबली सहा कशी वं?" त्याने ताटीकडे वळून विचारलं.

"कोणं दोन देल्ले असतीन," रुख्माबाई झोपेतच पुटपुटली.

जागेश्वरने ते बोटांत धरलं. तीच मलमल. हजारो वेळा धुऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. सुपातली सगळी बुरबूर या एका झबल्याची होती, बोटं शपथेवर सांगत होती. पण तेवढ्या सुतात अशी दहा झबली विणून झाली असती. एवढं झडल्यावर हे उरलं होतं कशाचं?

त्याने ते परत मशीनमध्ये टाकलं, दार घट्ट लावलं, भिंतीतला प्लग उपसून काढला आणि सायकल काढली. लूच्या झळा तोंडावर घेत तो सिव्हिल लाइन्सला पोचला, तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडली होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं.

"अठरा दिवस," ते म्हणाले. "आमचा मुलगा अठरा दिवस जगला. त्याचं एक झबलं तिने ठेवलं होतं. ते ती रोज धुवायची. रोज… बावीस वर्षं. बाहेर वाळत घातलं की शेजारच्या बायका कुजबुजायच्या, म्हणून मी एका परतणाऱ्या पाद्र्याकडून हे मशीन आणलं."

"अन् आता ते झबलं?"

"मी स्वतः तिच्या छातीवर ठेवलं होतं. चितेवर. माझ्या डोळ्यांदेखत जळलं ते…" ते जागेश्वरकडे वळले. "तुम्ही म्हणाला होतात, घरात मूल नाही."

"पोटात हाय, साहेब. पोरीच्या. पहिलं गेलं तिचं… नजर लागते म्हणून नाही बोललो. चुकलो मी."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात राग नव्हता. "ती वाईट नव्हती हो. कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती. पण एकदा जवळ घेतलेलं ती सोडू शकते का… ते मी बावीस वर्षं पाहिलंय."

ते झबलं जाळायचं आणि मशीन आजच घराबाहेर काढायचं, असं ठरवून जागेश्वर परतला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला बाळाचं रडणं ऐकू आलं. सायकल तशीच टाकून तो आत धावला.

लतिका निपचित पडली होती, पण शुद्धीवर होती. सुईण बायजाबाई घाम पुसत होती. "तुम्ही गेले अन् कळा सुरू झाल्या," ती म्हणाली. "पोरगा हाय. पण रडेचना बाप्पा. बाहेर आग पडून राहिली, अन् पोर बर्फावानी थंड, निळं. म्या रुख्माबाईले म्हटलं, एखादं गरम फडकं आण वं, लवकर."

"मंग?"

रुख्माबाईने डोळ्यांना पदर लावला. "तुमचं मशीन सुरूच होतं ना. आतलं झबलं मस्त गरम होतं. ते घातलं अंगात, अन् पोर रडलं! आजपासून तुमच्या मशिनले नावं नाही ठेवीन मी."

जागेश्वरने पुढच्या खोलीत डोकावलं. प्लग त्याने टाकला होता तिथेच, जमिनीवर पडला होता.

संध्याकाळी त्याने धीर करून झबलं बदलायला सांगितलं. तांबड्या दोऱ्याचं अंगात घातलं, तर घटकाभरात बाळाचे तळवे गार पडले, ओठ काळवंडले. रुख्माबाईने घाबरून आधीचंच परत चढवलं. बाळ पुन्हा गुलाबी झालं. त्यानंतर जागेश्वरने तो विषय काढला नाही. तीन दिवस तो ना नीट जेवला, ना झोपला. झबलं काढावं तर नातू हातचा जातो. ठेवावं तर तो कुणाचा होतो, हे त्याला कळेना, आणि हे दुःख सांगायला घरात एक माणूस नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मनाचा हिय्या केला. निदान मशीन तरी डॉक्टरांकडे पोचवावं. ठेला आणायला म्हणून त्याने पायांत चपला सरकवल्या. जाता जाता पाळण्यात पाहिलं. बाळ तृप्त दिसत होतं. ओठांच्या कडेला दुधाची बारीक रेघ होती. लतिका पलीकडे तापाने ग्लानीत पडली होती.

"लतिकानं पाजलं वाटते," तो हळूच म्हणाला.

"कुठचं दूध?" रुख्माबाई म्हणाली. "तीन दिवस झाले, थेंब नाही उतरला पोरीले. बकरीच्या दुधाची वात लावली, तं हा तोंड फिरवते. काय खाऊन जगून राहिला, देवच जाणे."

जागेश्वरने वाकून बोटाने ती रेघ टिपली. दूध कोमट होतं. चिकट, ताजं.

मग त्याने चपला काढल्या, पाळण्याशी बसला, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत दोन्ही हात जोडले.

"बाई…" तो कसाबसा म्हणाला. "जगू द्या त्याले… पण आमच्या घरात राहू द्या…"

बाळाने मान वळवली. जिकडे कोणी नव्हतं त्या बाजूला तोंड केलं, चिमुकली मूठ कशावर तरी टेकवली, आणि त्याचा गळा हलू लागला. एक घोट… दुसरा घोट… सावकाश.