न फिरवलेली खाट

व्हर्लिन माझ्या धाकट्या भावाची बायको. हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय, पोरांनो. खोटंच सांगायचं असतं, तर तिने स्वतःच्या फायद्याचं सांगितलं असतं.

गेल्या ऑगस्टची सतरा तारीख, शनिवार. बोटीने आलेली लसींची पेटी आणायला व्हर्लिन संध्याकाळी धक्क्यावर गेली होती. पेटी घेऊन आरोग्य केंद्रावर परतली, तर दारात फिलोमीनमावशी चार बायकांना घेऊन उभी. मावशीची बहीण इस्मेबाई जाऊन त्या दिवशी नववी रात्र होती. एकतीस वर्षं इस्मेबाई या केंद्राच्या नर्स. तुमच्यातले निम्मे त्यांच्याच हातचे.

नवव्या रात्री मेलेल्याच्या खोलीतलं सामान आपण फिरवून ठेवतो, म्हणजे जिवाला खोली ओळखू येत नाही आणि तो आपल्या वाटेला लागतो. घरची खोली फिरवून झाली होती. मावशीचं म्हणणं, केंद्रातली बाळंतपणाची खाटही फिरवू, इस्मेचा खरा जीव तिथेच अडकलाय.

व्हर्लिनच्या पोटात दुखलं. सहा वर्षं ती इथे नर्स म्हणून राबत होती, तरी लोकांना साधं इंजेक्शनसुद्धा इस्मेबाईंच्या हातचं हवं. बाई निवृत्त झाल्या, तरी बायका त्यांना घरून बोलावून आणायच्या आणि व्हर्लिनला पाणी तापवायला सांगायच्या. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. आता बाई मेल्या, तर खाटही त्यांचीच?

"खाट सरकारची आहे, मावशी," ती म्हणाली. "आणि आता तिथे हात माझे चालतात."

"तुझी मर्जी, नर्सबाई," मावशी म्हणाली आणि बायकांना घेऊन निघून गेली.

रात्री एक वाजता कळा देणाऱ्या ओडेटला तिचा नवरा घेऊन आला. दरड कोसळून शहराचा रस्ता बंद होता, मोठ्या हॉस्पिटलात नेणं शक्य नव्हतं. नवऱ्याला व्हरांड्यात बसवून व्हर्लिनने दार लावलं. खोलीत दोघीच.

अडीच वाजले.

"आता जोर कर," व्हर्लिन म्हणाली.

ओडेटने मान हलवली. ती व्हर्लिनच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"त्या... नको म्हणतात."

व्हर्लिनने वळून पाहिलं. भिंत. दुसरं काही नाही. तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी आला तो राग. मेल्यावरही हिचंच ऐकायचं?

"इथे मी आहे. माझं ऐक. जोर कर."

ओडेटने ओठ मिटून घेतले...

व्हर्लिनने पोटावर नळी लावली. बाळाचे ठोके मंदावत होते. डोकं बाहेर आलं. मानेला नाळेचा वेढा. घट्ट. असा वेढा तिने एकटीने कधी सोडवला नव्हता.

एकदा बाईंना हाक मारली, की ही खाट कायमची त्यांची. हे तिला कळत होतं. ठोके अजून मंदावले.

ती भिंतीला जाऊन टेकली.

"इस्मेबाई... तुम्ही करा."

दिवा गेला.

खाट करकरली. काठावर कोणीतरी टेकलं होतं. ओडेटचा श्वास... मग तोही नाही...

मग बाळ रडलं.

दिवा आला तेव्हा मुलगी आईच्या छातीवर होती. नाळ बांधून कापलेली.

ओडेटला पुढे काहीच आठवेना. सकाळी सगळा गाव फणस आणि मासे घेऊन आला. व्हर्लिनबाईंनी पोर वाचवली, असं जो तो म्हणत होता. मुलीचं नाव व्हर्लिन ठेवलं. सहा वर्षं ज्यासाठी ती जळत होती, ते सगळं एका सकाळी मिळालं.

ठोके ऐकून झाल्यावर तिने नवे हातमोजे चढवले होते. ते तिने कपाटात ठेवलेत. मी पाहिलेत. पांढरे, कोरडे. रक्ताचा एक थेंब नाही.