गुडघ्यातलं तेल

कानाशी धरून पाय हलवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसून तो औषधाची बाटली हलवावी तसा आपला कृत्रिम पाय हलवत होता.

"हे काय चाललंय?"

"उठवतोय त्याला. रात्रभर झोपला की सकाळी गुडघा धरत नाही."

ती ओशाळली. त्या गुडघ्यातलं तेल तिनेच केलेलं होतं. तेलात लोखंडाची बारीक भुकटी. चुंबक चालू झालं की कण एकमेकांना धरतात, तेल घट्ट होतं आणि गुडघा भार पेलतो. चुंबक बंद झालं, की तेल पुन्हा वाहतं. पण रात्रभरात भुकटी तळाशी बसत होती.

"एक ॲडिटिव्ह घालून बघते," ती म्हणाली. "कणांभोवती त्याचा थर बसतो, मग ते खाली जात नाहीत."

"घाला हो. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. कठडा धरून उतरतो, तर पोरं आजोबा म्हणतात मला!"

मग दर शनिवारी शाळा सुटली की भूगोलाचे सर हजर. ॲडिटिव्ह कमी पडलं तर भुकटी बसायची. जास्त झालं तर चुंबकाशिवायच तेल जाड, पाय ओढत न्यावा लागायचा. दर खेपेला मागच्या जिन्यावर चाचणी—ती एक पायरी पुढे, त्याचा हात तिच्या हातात... कधी कधी जमिनीवर आल्यावरही.

"जिना संपला, सर."

"हो का? भूगोल कच्चाच आहे माझा."

शेजारच्या टेबलावरच्या ताई सगळं बघत असत. "तेल जमत आलं गं तुझं," एकदा त्या म्हणाल्या. "जमलं की हा कशाला येतोय इथे?"

तिने ॲडिटिव्हची बरणी उघडली. चिमूटभर जास्त घातलं, तर आणखी काही शनिवार सहज मिळाले असते... चमचा हातातच राहिला. मग तिला ते 'आजोबा' आठवलं, आणि तिने काट्यावर अगदी बरोबर तेवढंच तोललं.

नवं तेल भरलं. पुढच्या शनिवारी तो आला. आठवडाभर पाय हलवावा लागला नव्हता. जिन्याच्या माथ्यावर तिने सवयीने हात पुढे केला.

"आज नको," तो म्हणाला.

ती वरच थांबली. कठड्याला हात न लावता तो सावकाश, ताठ उतरत गेला. खाली पोचून त्याने वर पाहिलं.

"झालं," ती म्हणाली. "आता यायची गरज नाही तुम्हाला."

"गरज नाहीच." त्याने हात वर केला. "आता तुम्ही उतरा. मी धरतो."

"मला कशाला? माझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत."

"दिसतंय ना—कापतायत ते."

ती हसली... आणि उतरली. जिना संपला, हे या वेळी कुणीच बोललं नाही.